वॉशर

दिग्रसच्या जुन्या जिनिंगमध्ये आता सरकी नाही.
दहा मीटरवर चुन्याची रेघ, पलीकडे वाळूची पोती,
पोत्यांवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर काळा चंद्र.
टिनाखाली खुर्ची टाकून ढेंगळेसाहेब,
एसआरपीतून रिटायर,
बोटांना अजून बंदुकीच्या तेलाचा वास.

मी शिलाई मशिनी दुरुस्त करतो. वय सत्तेचाळीस.
जन्मात काही उडवलं नाही, पतंगसुद्धा.
त्यांच्या सुनेची मशीन पोचवायला गेलो एका रविवारी
तर पोरं उभी होती एकेक हात लांबवून,
इतकी गप्प, की मी चपला काढल्या.
ठप्.
कोणी काही बोललं नाही.
कबूतर मात्र उडालं वरच्या कैचीतून.

"घ्या ना एखादं," ढेंगळे म्हणाले,
"साधं हवेचं हाय. याले लायसन नाही लागत,
अक्कल लागते."

घरी कुंदा म्हणाली, "कायले?
डुकरं मारता?"
"नाही."
"माकडं हाकलता?"
"नाही व. पुठ्ठ्याले भोक पाडतो."
तिनं पोळी उलटवली,
मग बराच वेळ उलटवत राहिली.

बॉबिनच्या डब्यात साडेनऊ हजार होते.

टेबलावर गोणपाट, त्यावर पिस्तुलं.
सिलिंडरवालं परदेशी मी उचललं,
किंमत ऐकून हळूच ठेवलं,
दुसऱ्याच्या नव्या गाडीवरून हात काढावा तसं.
स्प्रिंगचं होतं चार हजाराला, चकचकीत,
पण सुटताना असा हिसका,
की नेम पुठ्ठ्यावर अन् छर्रा आर्णी रोडला.
हा हिसका माझ्या ओळखीचा.
अशा मशिनी दिवाळीपर्यंत गोड शिवतात,
मग सुया खातात.

तिसरं टेबलावर नव्हतंच. शाळेच्या दप्तरात होतं.
नळीचा रंग उडालेला, बाजूला दांडा:
एकदा ओढायचा, एका छर्र्यापुरती हवा.
मी दांडा ओढला, कानाशी धरलं,
पन्नासपर्यंत मोजलं. हवा कुठं फुसफुसली नाही.
विचारलं, "याचा वॉशर कुठं भेटते?"

ढेंगळे पहिल्यांदा हसले.
"लोक इचारतात, किती दूर जाते.
अकोल्याले एक जण कातून देते. तीन आणून ठेवले मी."

माझा धंद्याचा एकच नियम आहे:
जिचा वॉशर एसटीनं जाऊन
संध्याकाळपर्यंत आणता येत नाही
ती मशीन मी गिऱ्हाइकाला घेऊ देत नाही.

मूठ लाकडाची. अंगठ्याच्या जागी खळगा,
घासून घासून पडलेला, माझ्या अंगठ्याहून लहान.
"कोणाचं?"
"उईके मास्तरची पोट्टी, करुणा. पाच वर्षं हेच धरलं.
वनरक्षक झाली आता, मेळघाटात.
तिकडं काठी देल्ली तिले."

आठ हजार दिले. उरलेल्यात छर्ऱ्यांचे चार डबे,
डोळ्यांवर घालायचा चष्मा,
आणि एक कुलूप, जे त्यांनी माझ्यादेखत पेटीला लावलं.
"पेटी बंद, छर्रे दुसऱ्या कपाटात. हे आधी शिका,
नेम नंतर."

माझ्याकडे कानशी आहेत सात प्रकारच्या.
मूठ तासून माझ्या हाताची करायला
अर्धा तास पुरे.
दोनदा कानस हातात घेतली. ठेवून दिली.
अंगठा सध्या खळग्याच्या काठावर ठेवतो,
बसमध्ये अर्ध्या सीटवर टेकावं तसा.

"पुढची माशी साफ दिसली पायजे," ढेंगळे सांगतात,
"चंद्र पुसट दिसला तरी चालते."
मला दोन्ही पुसट दिसतात.
पण सुईत दोरा ओवताना धरतो
तो श्वास मला येतो, तीस वर्षांचा सराव आहे,
आणि बोट इतकं सावकाश मागे यावं
की सुटल्याचं आपल्यालाच उशिरा कळावं,
हेही जमेल असं वाटतं.

पहिले नऊ छर्रे वाळूत गेले.
दहावा पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला लागला,
चंद्रापासून चार बोटं लांब.
पुठ्ठा घरी आणला.
कुंदानं भोकाला डोळा लावून दिव्याकडं पाहिलं.

"कितीले पडलं?"
"आठ हजार."
"वॉशर धरून?"